धर्मग्रामाचा आठवडा : वसईतील कॅथलिक लोकजीवन आणि मराठी

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करू लागले की अभ्यासकांची दृष्टी प्रथम दोन ठिकाणी जाते. एक म्हणजे गोव्यातील राचोल येथे १६१६ मध्ये छापले गेलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण'; आणि दुसरे म्हणजे त्या काळच्या अहमदनगर जिल्ह्याच्या परिसरात आकारास आलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांचे लेखन. ह्या दोहोंमध्ये जवळजवळ तीन शतकांचे अंतर आहे, पंथाचे अंतर आहे आणि प्रदेशाचेही अंतर आहे. वाङ्मयेतिहासात त्यांचा निर्देश लागोपाठ होत असला, तरी एकाचा दुसऱ्याशी सरळ संबंध जोडता येत नाही. मधल्या काळात आणि मधल्या प्रदेशात मराठी बोलणारा, मराठीत प्रार्थना करणारा फार मोठा ख्रिस्ती शेतकरी समाज होता व आहे, ही गोष्ट मात्र अशा इतिहासातून सहसा निसटते. ह्याचे कारण उघड आहे. त्या समाजाचे मराठी पुष्कळ काळ ग्रंथांत नव्हते. ते आठवड्यात होते.

हे विधान थोडे स्पष्ट करावयास हवे. कॅथलिक खेड्यातील सामूहिक जीवनाचा घटक वर्ष नसून आठवडा हा असतो. सण वर्षातून एकदा येतात. परंतु रविवारचे वाचन, प्रवचन, सूचना, मुलांचे धर्मशिक्षण, घरची जपमाळ आणि शुक्रवारची उपासना ही सात दिवसांच्या फेऱ्यात पुन्हापुन्हा येत राहतात. त्यांतील प्रत्येक प्रसंगाला स्वतःचे असे भाषिक रूप असते. वसई तालुक्यातील ग्रामीण धर्मग्रामांच्या आधारे हा आठवडा कसा चालतो, त्यात मराठीची कोणकोणती रूपे वावरतात, आणि त्या रूपांपैकी कोणते आज संकटात आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. प्रदेश आणि समाज

वसईचा कॅथलिक पट्टा उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस वसईची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र ह्यांच्यामध्ये पसरलेला आहे. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेला हा तालुका १ ऑगस्ट २०१४ पासून नव्याने निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्यात समाविष्ट झाला. नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज, आगाशी, पापडी, सांडोर ही येथील परिचित नावे. उत्तरेकडील गावांत सामवेदी अथवा कुपारी म्हणून ओळखला जाणारा बागायतदार समाज, दक्षिणेकडे वाडवळ समाज आणि किनाऱ्याला कोळी समाज अशी स्थूल विभागणी करता येते. ह्या तिन्ही समाजांत कॅथलिकांची मोठी संख्या आहे. आडनावे डिसोजा, परेरा, लोपीस, घोन्सालविस, तुस्कानो अशी पोर्तुगीज. आणि व्यवसाय केळी, पानवेल, भाजीपाला, फुले, दूध ह्यांचा. केळी सुकवून केलेली 'सुकेळी' आणि शेतवाडीला पाणी पुरविणारी 'बावखले' ही ह्या भूमीची खूण होय.

पोर्तुगीजांना वसई मिळाली ती १५३४ मध्ये, गुजरातच्या बहादुरशहाकडून. आणि चिमाजी आप्पांच्या फौजेने ती घेतली मे १७३९ मध्ये. सुमारे दोनशे वर्षांच्या त्या राजवटीत येथे धर्मांतरे झाली, देवळे पडली आणि चर्च उभी राहिली. त्या इतिहासातील सक्तीचा भाग नाकारण्याचे कारण नाही. परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक विचारार्ह गोष्ट त्यानंतरची आहे. १७३९ नंतर राजसत्तेचा आधार गेला, युरोपीय पाद्री गेले. तरी समाज ख्रिस्ती राहिला आणि तो मराठी बोलणाराही राहिला. देशी पाद्री आणि गावकरी ह्यांनी जे टिकवले ते राज्यकर्त्यांचे धर्मकारण नव्हते. टिकला तो रविवार. ज्याच्या आधाराने एक समाज आपली ओळख राखू शकला ती व्यवस्था म्हणजे चर्चभोवती बांधलेला गावाचा साप्ताहिक व्यवहार होय.

धर्मसत्तेच्या दृष्टीने हा भाग प्रथम गोव्याच्या अधिकारात, १८८६ पासून दमणच्या धर्मप्रांतात, १९२८ नंतर मुंबईच्या महाधर्मप्रांतात आणि १९९८ पासून वसईच्या स्वतंत्र धर्मप्रांतात असा फिरत आला. वसईचे पहिले बिशप थॉमस डाबरे हे तुकारामांच्या ईश्वरानुभवावर संशोधन करणारे अभ्यासक होते, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. ह्या धर्मप्रांताची उपासनेची मुख्य भाषा मराठी आहे, आणि संतवाङ्मयाशी त्याचा संबंध कसा असावा हा प्रश्न येथील धर्मगुरूंच्या दृष्टीने अभ्यासिकेपुरता मर्यादित नाही; तो प्रवचनात दर आठवड्यास उपस्थित होतो.

२. 'धर्मग्राम' हा शब्द

इंग्रजीत ज्यास पॅरिश म्हणतात त्यास वसईत 'धर्मग्राम' म्हणतात. मूळ ग्रीक शब्द 'पारोइकिया'. त्यात परक्या भूमीवर तात्पुरती वस्ती करून राहिलेल्यांचा समूह असा भाव आहे. 'धर्मग्राम' ह्या मराठी शब्दाने तो भाव जवळजवळ उलटा केला. येथे परकेपण नाही. येथे ग्राम आहे, म्हणजे पूर्वजांची जमीन, आळी, विहीर आणि वाट आहे. आणि तो ग्राम धर्माने बांधलेला आहे. एका धर्मग्रामात अनेक पाडे व आळ्या असतात. एका महसुली गावात कधी एकाहून अधिक धर्मग्रामांचे लोक असतात. म्हणजे शासनाचा गाव वेगळा आणि रविवारी एकत्र येणारा गाव वेगळा. ज्याला 'आपला गाव' म्हणून सांगितले जाते तो पुष्कळदा दुसरा असतो.

उपासनेच्या शब्दसंग्रहात कालानुक्रमे तीन थर दिसतात. पहिला थर पोर्तुगीज: मिस्सा, क्रूस, पाद्री, नाताळ. हे शब्द इतके रुळले आहेत की त्यांचे परकेपण बोलणाऱ्यास जाणवत नाही. दुसरा थर संस्कृतनिष्ठ: धर्मगुरू, धर्मप्रांत, स्नानसंस्कार, प्रायश्चित्तकाळ, जपमाळ, आराधना. मराठी ही उपासनेची अधिकृत भाषा झाल्यानंतर हा थर विशेष विस्तारला. तिसरा थर इंग्रजी: फादर, सिस्टर, नोव्हेना, पॅरिश कौन्सिल. हा शाळा आणि मुंबई ह्यांच्याद्वारे आला. 'उद्या फादर येणार, आजारी माणसाला अभ्यंग देणार, नंतर क्रूसापाशी जपमाळ' अशा एखाद्या साध्या वाक्यात हे तिन्ही थर एकत्र नांदतात. भाषाशुद्धीच्या दृष्टीने अशा वाक्याकडे पाहणे व्यर्थ आहे. ते साडेचारशे वर्षांच्या इतिहासाचे संक्षिप्त रूप होय.

३. रविवार

आठवड्याचा आरंभ रविवारी होतो. आणि १९८३ च्या धर्मसंहितेनुसार शनिवारच्या संध्याकाळच्या मिस्साबलीस उपस्थित राहूनही रविवारचे कर्तव्य पार पडते. तरीही खेड्यात खरा मान पहाटेच्या अथवा सकाळच्या मिस्साबलीचा. ह्यामागे शेतीचा हिशेब आहे. फुले आणि भाजी मुंबईच्या बाजारात पहाटे पोहोचली पाहिजे. दुधाची वेळ टळता कामा नये. विरारहून मुंबईपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली ती १८६७ मध्ये. तेव्हापासून ह्या बागायतीचे घड्याळ रेल्वेशी जुळलेले आहे. वाडीचे घड्याळ, गाडीचे घड्याळ आणि चर्चची घंटा ह्या तिहींच्या मेळातून धर्मग्रामाची दिनचर्या ठरत आली.

रविवारच्या उपासनेत मराठीची निदान चार रूपे ऐकू येतात. पहिले वाचनाचे. कॅथलिक वाचनक्रमात रविवारसाठी तीन वर्षांचे चक्र असते. एका वर्षी प्राधान्याने मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. प्रत्येक रविवारी पहिले वाचन, स्तोत्र, दुसरे वाचन आणि शुभवर्तमान असे चार उतारे होतात. शुभवर्तमान धर्मगुरूंकडे, परंतु आधीची वाचने गावातील स्त्रीपुरुष करतात. ज्या घरात आईवडील बोलीत बोलतात त्या घरातील मुलगी वेदीजवळ उभी राहून प्रमाण मराठीतील गद्य शेकडो लोकांसमोर स्पष्ट वाचते, ह्या घटनेचे भाषिक महत्त्व कमी लेखता येणार नाही. तीन वर्षांचे चक्र पूर्ण होईपर्यंत नियमित येणाऱ्या श्रोत्याच्या कानावर बायबलमधील फार मोठा भाग मराठीतून जातो. कोणत्याही वाचनालयाला इतका नियमित श्रोतृवर्ग लाभलेला नाही.

दुसरे रूप प्रवचनाचे. रविवारी लोकांना उपदेश करणे हे धर्मगुरूचे कर्तव्य असल्याचे ट्रेंटच्या परिषदेने १५४६ मध्ये ठरवले होते. म्हणजे विधी लॅटिनमध्ये होत असतानाही प्रवचनाला लोकभाषेची गरज होतीच. प्रवचनाचे मराठी हे लिखित व मौखिक ह्यांच्या सीमेवरचे गद्य आहे. त्यात दृष्टांत येतो, पिकाचा उल्लेख येतो, संतवचन येते आणि मधूनच एखादा बोलीतील शब्द श्रोत्यांच्या चेहऱ्यावर हसू आणतो. वसईतील कित्येक गद्यलेखक धर्मगुरू आहेत ह्याचे एक कारण येथे सापडते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांचे उदाहरण सर्वपरिचित आहे. नंदाखालच्या ह्या धर्मगुरूंनी १९८३ पासून सुमारे पाव शतक 'सुवार्ता' ह्या मासिकाचे संपादन केले. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या गद्यातील लहान वाक्ये, थेट संबोधन आणि दृष्टांताची सवय ही प्रवचनाच्या शिस्तीशी मिळतीजुळती आहेत.

तिसरे रूप श्रद्धावंतांच्या प्रार्थनांचे. प्रवचनानंतर समाजाच्या गरजांसाठी काही विनवण्या केल्या जातात आणि प्रत्येकीस सर्वजण ठरावीक प्रतिवाक्याने साथ देतात. ह्या विनवण्यांचा साचा ठरलेला असतो, मजकूर मात्र अनेकदा स्थानिकच रचतात; एका आठवड्यास एक आळी, दुसऱ्यास दुसरी. पाऊस लांबला तर पावसासाठी, परीक्षा आल्या तर विद्यार्थ्यांसाठी, गावात अपघात झाला तर त्या घरासाठी. दोनतीन ओळींची ही रचना लिहिणारी गृहिणी अथवा शिक्षक स्वतःस लेखक समजत नाही. कागद वाचून झाला की टाकूनही दिला जातो. परंतु ठरावीक आकारात गावाचे दुःख बसवण्याचे हे कौशल्य ओवीच्या कौशल्याहून फार दूरचे नाही.

चौथे रूप सूचनांचे, आणि वाङ्मयाच्या अभ्यासकांनी सर्वांत अधिक दुर्लक्षिलेले. अखेरच्या आशीर्वादापूर्वी धर्मगुरू आठवड्याच्या सूचना वाचतात: कोणत्या दिवशी कोणासाठी मिस्साबली, धर्मशिक्षणाची परीक्षा केव्हा, कोणत्या आळीत प्रार्थनासभा, रक्तदान शिबिर कोठे. ह्या सूचनांचे मराठी 'कळविण्यात येते' ह्या धाटणीचे, दवंडी आणि कचेरीची नोटीस ह्यांच्या मध्ये बसणारे असते. त्यांतील सर्वांत लक्षपूर्वक ऐकला जाणारा भाग विवाहाच्या घोषणेचा. विवाहापूर्वी लागोपाठ तीन वेळा वधूवरांची नावे उपासनेच्या वेळी जाहीर करावीत, हा नियम ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये सर्वत्र लागू केला. उद्देश कायद्याचा होता: कोणास हरकत असल्यास ती कळावी. परिणाम मात्र सामाजिक झाला. तीन रविवार दोन घरांची नावे, वडिलांची नावे, गावे उच्चारली जातात आणि त्या उच्चारातून नात्याची जाळी गावासमोर पुन्हा मांडली जाते. तसेच मृतांच्या स्मरणार्थ होणाऱ्या मिस्साबलीत त्यांची नावे वाचली जातात. अशा रीतीने एकाच आठवड्यात गाव आपल्या भावी संसारांची आणि आपल्या मृतांची नावे एकत्र ऐकतो. वंशावळ लिहून ठेवण्याचे काम नोंदवह्या करतात. ती कानात ठेवण्याचे काम हा आठवडा करतो.

४. अंगण

मिस्साबली संपतो आणि लोक चर्चच्या अंगणात येतात. भाषेच्या अभ्यासकाने येथे थांबावे, कारण येथे मराठी बदलते. आत वाचन, प्रवचन, प्रार्थना, सूचना ही सर्व प्रमाण मराठीत झाली. दाराबाहेर पाऊल पडताच सामवेदी, वाडवळी अथवा कोळी बोली सुरू होते. केळीचा भाव, लेकीचे सासर, विहिरीचे पाणी, जमिनीची मोजणी हे सर्व विषय बोलीतले. आतल्या भाषेत कोणी हे बोलू लागले तर ते कृत्रिम वाटेल. बाहेरच्या भाषेत कोणी शुभवर्तमान वाचू लागले तर पुष्कळांना संकोच वाटेल. दोन भाषारूपांची ही वाटणी कोणी लिहून ठरवलेली नाही, तरी ती प्रत्येकास ठाऊक आहे.

ह्या बोलींची नोंद अगदी आधुनिक नाही. १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रियर्सनच्या भारतीय भाषांच्या पाहणीच्या सातव्या खंडात उत्तर कोकणातील ख्रिस्ती लोकांच्या बोलीला स्वतंत्र स्थान आहे. प्रमाण मराठीतील सकाराच्या जागी काही शब्दांत हकार येणे, गुजरातीशी जवळीक दाखवणारे प्रयोग, पोर्तुगीज शब्दांचे स्थानिक उच्चार ह्यांसारखी वैशिष्ट्ये ह्या प्रदेशातील बोलींत आढळतात. विवाहगीते, अंगाईगीते, शेतातील विनोद, म्हणी आणि शिव्या ह्या सर्वांचा साठा बोलीत आहे. लाल लुगडे नेसणाऱ्या वृद्ध सामवेदी स्त्रिया जशा विरळ होत गेल्या, तसा हा साठाही विरळ होत आहे.

अंगणाने केवळ गप्पाच दिल्या असे नाही. रविवारच्या भेटीगाठींतूनच पतपेढ्या, दुधाच्या व शेतीच्या सहकारी संस्था, शाळा उभ्या राहिल्या. पापडी येथे १९१८ मध्ये सुरू झालेली पतसंस्था पुढे बसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून वाढली. एकोणीसशे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बिल्डर आणि पाणी ह्यांच्या प्रश्नावर 'हरित वसई'ची चळवळ उभी राहिली, तेव्हा तिचे नेतृत्व फादर दिब्रिटो ह्यांनी केले आणि तिच्यात सर्व धर्मांचे लोक सामील झाले. गावाला एकत्र जमण्याची आणि एका माणसाचे बोलणे शांतपणे ऐकण्याची साप्ताहिक सवय होती. लोकचळवळीला ह्याहून मोलाचे भांडवल कोणते असू शकते?

५. सोमवार ते शनिवार

धर्मशिक्षण हे मुलांच्या आठवड्यातील महत्त्वाचे अंग. त्याची जुनी पद्धत प्रश्नोत्तरांची. स्टीफन्स ह्यांची कोकणीतील 'दौत्रिना क्रिश्तां' त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापली गेली. तीही गुरुशिष्यसंवादाच्या रूपातली. 'क्रिस्तपुराणा'तही श्रोते विचारतात आणि पाद्री सांगतो, अशी चौकट आहे. आजची पाठ्यपुस्तके चित्रांची आणि गोष्टींची असतात. तरी वर्गात शिक्षिका प्रश्न करते आणि मुले एका सुरात उत्तर देतात तेव्हा तोच जुना आकार ऐकू येतो. ह्यात सलग ग्रंथपरंपरा आहे असे म्हणता येणार नाही. पद्धतीची परंपरा मात्र आहे.

संध्याकाळी घरोघर जपमाळ होते, वा निदान होत असे. तिची रचना आठवड्याशी घट्ट बांधलेली आहे. ख्रिस्त आणि मरिया ह्यांच्या चरित्रातील प्रसंगांचे गट करून प्रत्येक गटास वार नेमून दिलेले असतात: सोमवारी व शनिवारी आनंदाची रहस्ये, मंगळवारी व शुक्रवारी दुःखाची, बुधवारी व रविवारी गौरवाची. पूर्वी गुरुवार आनंदाच्या रहस्यांकडे व शनिवार गौरवाच्या रहस्यांकडे होता. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये प्रकाशाची रहस्ये जोडली, त्यांना गुरुवार दिला आणि त्यामुळे ही मांडणी बदलली. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही वार सांगितला की कथा आठवते. सात दिवसांत जन्मापासून पुनरुत्थानापर्यंतचे सगळे चरित्र घरात एकदा म्हटले जाते. नित्य पारायणाची जी कल्पना मराठी मनाला पोथीमुळे परिचित आहे, तिचेच हे दुसरे रूप होय.

बुधवारी पुष्कळ चर्चमध्ये निरंतर साहाय्य मातेची नोव्हेना होते. माहीमच्या चर्चमध्ये १९४८ मध्ये सुरू झालेल्या बुधवारच्या उपासनेने ह्या भक्तीला मुंबई परिसरात फार मोठी लोकप्रियता मिळवून दिली. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरी पडून असलेल्या आजाऱ्यांकडे ख्रिस्तप्रसाद नेला जातो. गाव त्या दिवशी आपल्या न दिसणाऱ्या माणसांना भेटतो. प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी चौदा स्थानांची क्रुसाची वाट चालली जाते. मे महिन्यात वाटेवरच्या क्रुसांपाशी आळीचे लोक जमतात. येथे धर्मगुरू असतातच असे नाही. प्रार्थना एखादी वयस्क स्त्री सांगते. चर्चमधील मराठी पुस्तकाचे, तर क्रुसापाशी सांगितले जाणारे मराठी पाठांतराचे; त्यात जुने उच्चार आणि जुनी क्रियापदे अजून ऐकू येतात.

शेजारधर्मही ह्या आठवड्यात आहे. निर्मळला होली क्रॉस चर्च आहे आणि शंकराचार्यांच्या समाधीचे मंदिरही आहे. कार्तिकातील निर्मळच्या जत्रेला ख्रिस्ती आणि हिंदू दोघेही जातात; त्या दिवसांत धर्मग्रामाच्या आठवड्यात जत्रेचे दिवस मिसळून जातात.

६. १९६३ चा निर्णय आणि त्याची किंमत

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा जाहीरनामा संमत केला आणि लोकभाषांना उपासनेचे दार उघडले. लॅटिनच्या जागी मराठी आली. एप्रिल १९६९ मध्ये भारतीय उपासनेसाठी बारा मुद्द्यांना मान्यता मिळाली. अंजली, आरती, पंचांग प्रणाम ह्यांना जागा झाली. ह्या बदलाचे स्वागत वाङ्मयीन दृष्टीनेही करावयास हवे, कारण त्यामुळे मराठीत वाचने, स्तोत्रे, गीते, प्रार्थना ह्यांची नव्याने निर्मिती करणे भाग पडले.

परंतु 'लोकभाषा' म्हणजे कोणाची भाषा? वसईच्या शेतकऱ्याची घरची भाषा सामवेदी होती. वेदीवर जी आली ती प्रमाण मराठी. ह्याला सबळ कारणे होती. बोली अनेक, एका धर्मग्रामात दोन बोलींचे लोक. बोलीस लिपीबद्ध परंपरा नाही. उर्वरित महाराष्ट्राशी संबंध हवा तर प्रमाण भाषा हवी. शिवाय 'पोर्तुगीजांचे लोक' हा शिक्का पुसून काढण्यास शुद्ध मराठीसारखे दुसरे साधन नव्हते. ह्या निर्णयाने समाजाला साहित्य संमेलनाच्या व्यासपीठापर्यंत नेले, हे खरे. पण त्याच वेळी आठवड्यातील सर्वांत प्रतिष्ठित तास बोलीच्या हातून कायमचा गेला, हेही तितकेच खरे. लॅटिन असताना वेदीची भाषा कोणाचीच नव्हती. त्यामुळे बोलीची मानखंडना होत नव्हती. मराठी आल्यावर वेदीची भाषा शिकलेल्याची ठरली आणि बोली न शिकलेल्याची.

आज त्याच जागी तिसरी भाषा उभी आहे. वसई-विरार शहर महानगरपालिका जुलै २००९ मध्ये स्थापन झाली. गावांच्या समावेशास मोठा विरोध झाला. लोहमार्गाच्या लगत इमारती उठल्या, आणि गोवा, मंगळूर, केरळ येथून आलेले कॅथलिक वस्तीस आले. त्यांच्यासाठी इंग्रजी मिस्साबली आवश्यक झाला. जुन्या घरांतील मुलेही इंग्रजी माध्यमात जाऊ लागली. ज्या मुलास मराठी वाचताना अडखळावे लागते तो वाचनासाठी पुढे येत नाही. त्याला इंग्रजी मिस्साबली सोयीचा वाटतो. अशा घरात आजी बोलीत बोलते, आई मराठीत प्रार्थना करते आणि नातू इंग्रजीत धर्मशिक्षण घेतो. १९६३ नंतर बोलीबाबत जे घडले तेच प्रमाण मराठीबाबत घडण्याची शक्यता येथे दिसते, आणि कारणेही तीच आहेत: सोय, प्रतिष्ठा आणि व्यापक जगाशी संबंध.

ह्याला प्रतिसाद अगदीच नाही असे नाही. सामवेदी, जिला 'कादोडी' असेही म्हणतात, तिच्यात लेखन होऊ लागले आहे. विवाहगीते आणि म्हणी नोंदवण्याचे प्रयत्न समाजातील लोकांनीच केले आहेत. सिसिलिया कार्व्हालो ह्यांच्यासारख्या लेखिकांनी वसईच्या ख्रिस्ती जीवनाला मराठी साहित्यात स्थान मिळवून दिले. मात्र हे प्रयत्न बहुतांशी पुस्तकाच्या दिशेने जातात. आठवड्याची भाषा पुस्तकात साठवता येते, पण तेवढ्याने ती चालू राहत नाही. विनवणी दर रविवारी नव्याने लिहिली गेली तरच ती विनवणी. क्रुसापाशी कोणी सांगणारे असले तरच ती प्रार्थना.

७. अभ्यासकांपुढील काम

ह्या विवेचनातून तीन गोष्टी सुचतात. पहिली, मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या इतिहासात केवळ ग्रंथकर्त्यांची नव्हे तर धर्मग्रामासारख्या संस्थांचीही नोंद व्हावयास हवी. वारकरी वाङ्मय जसे वारी आणि फड ह्यांवाचून समजत नाही, तसे वसईचे ख्रिस्ती गद्य रविवारच्या प्रवचनावाचून समजणार नाही. दुसरी, सूचना, विनवण्या, विवाहघोषणा, पाठांतराच्या प्रार्थना ह्या अल्पजीवी रचना वाङ्मयाच्या कक्षेत आणल्या पाहिजेत. त्या जतन होत नाहीत म्हणून त्या क्षुद्र ठरत नाहीत. तिसरी, एकाच समाजात बोली, प्रमाण भाषा आणि इंग्रजी ह्यांची वारानुसार व स्थळानुसार होणारी वाटणी ही इतर भारतीय भाषांतही तपासून पाहता येईल. गोव्यात आणि मंगळुरात कोकणीच्या बाबतीत, केरळात सिरियाकची जागा मल्याळमने घेतली त्या बाबतीत, छोटानागपूरमध्ये मुंडारी, कुडुख आणि हिंदी ह्यांच्या बाबतीत असेच प्रश्न उपस्थित होतात. त्यांची तुलना झाल्यास, उपासनेची भाषा बदलली की घरची भाषा कोणत्या वाटेने जाते, ह्याविषयी काही सर्वसाधारण निष्कर्ष काढता येतील.

ही नोंद करण्यास फार मोठ्या साधनांची आवश्यकता नाही. एका धर्मग्रामात एक वर्ष, म्हणजे बावन्न रविवार, सूचनांचे आणि विनवण्यांचे कागद जमा करावेत. मे महिन्यात क्रुसांपाशी होणाऱ्या प्रार्थना ध्वनिमुद्रित कराव्यात. आणि मिस्साबलीनंतर अंगणात जे बोलले जाते ते बोलणाऱ्यांच्या संमतीने ऐकावे. जपमाळ सांगणाऱ्या वृद्ध स्त्रिया आज हयात आहेत. त्यांच्या पाठांतरातील मराठी कोणत्याही छापील प्रार्थनापुस्तकात सापडणार नाही, आणि त्यांच्यानंतर ते ऐकावयासही मिळणार नाही.